मदत हवी आहे: हवाबंद नव्या घरात हवा खेळती कशी ठेवावी? (हिंगणघाटजवळचं गाव, घरात दम्याचे पेशंट)

नमस्कार मंडळी,

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावी, वावराला लागून घर बांधतोय. १२०० चौरस फूट, एकमजली, ३ बेडरूम, माणसं ५. स्लॅब पडला, भिंती झाल्या, पुढच्या आठवड्यात आतला गिलावा सुरू होईल. मिस्त्री काल म्हणाला, "ताई, होल पाडाचे असन तं आताच सांगा, मंग गिलावा फोडा लागन." म्हणून घाईने विचारतेय.

घर इतकं बंदिस्त का केलं ते आधी सांगते. माझ्या सासऱ्यांना (आम्ही बाबाच म्हणतो) दमा आहे. उमेदीची सगळी वर्षं जिनिंगमध्ये गेली, रुईची धूळ छातीत घेतली. जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. उन्हाळ्यातल्या वावधनात सगळी धूळ अंथरुणावर. सोयाबीन निघालं की अंगणाजवळ थ्रेशर लागतो, त्या दिवसांत बाबा रात्र रात्र उशी पोटाशी धरून बसून काढतात. म्हणून नव्या घरात धूळ येऊच द्यायची नाही असं ठरवलं. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांच्या) भिंती, रबर लावलेल्या यूपीव्हीसी खिडक्या, स्लॅबवर उष्णतारोधक थर, दारांना सील. झरोके ठेवलेच नाहीत.

एक खोली आधी पूर्ण करून घेतली, कारण सामानावर लक्ष ठेवायला बाबा आणि माझे मिस्टर तिथेच झोपतात. एसी आहे. पण रोज सकाळी दोघांचं डोकं जड, खोलीत कोंदट वास. भाच्याने कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं मीटर आणून दिलं. बाबांच्या दम्याच्या पंपाशेजारी स्टुलावर ठेवलं. रात्री १० वाजता ६२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ६२०), दीड वाजता आकडा लाल झाला, पहाटे ५ ला २३८०. बाहेर ओट्यावर नेलं तर ४३०. बाबा जागेच होते, मीटरकडे बघून म्हणाले, "माहे श्वास मोजते का हे?" मला त्या रात्री परत झोप आली नाही. ज्यांच्यासाठी घर बंद केलं, त्यांनाच आम्ही शिळी हवा देतोय.

नागपूरच्या एका दुकानदाराने ईआरव्ही (बाहेरची हवा गाळून आत घेणारं आणि आतली बाहेर टाकणारं मशीन) सुचवलं, दुसरा म्हणतो बाथरूममध्ये एक्झॉस्ट लावा, झालं. माझे प्रश्न:

एक्झॉस्टने भागेल का? आत येणारी हवा मग कुठून येईल, आणि ती गाळलेली असेल का? ईआरव्ही घ्यायचं तर आमच्या ४५ अंशांच्या उन्हात आणि श्रावणातल्या दमट हवेत ते कितपत उपयोगी? नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) आमच्याकडे कुलरशिवाय होत नाही, मग हवाबंद घरात कुलर चालेल का? शिवाय लाइट जाते ती दोन-दोन तास.

---

प्रतिसाद (अकोला)

ताई, मीटरचा आकडा बरोबर असणार. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. दोन माणसं बंद खोलीत झोपली की सकाळी २००० च्या वर जातंच.

आधी हवा किती लागते ते पाहा. अमेरिकेच्या ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेच्या ६२.२ मानकाचा सोपा हिशेब असा: दर चौरस फुटाला ०.०३ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा), अधिक माणशी ७.५ सीएफएम. तुमच्या घराला ३६ अधिक ३७.५, म्हणजे ७५ सीएफएम धरा. तासाला साधारण १२५ घनमीटर. फार मोठं मशीन लागत नाही.

नुसतं एक्झॉस्ट तुमच्या घरी लावू नका. तो हवा बाहेर ओढेल आणि तेवढीच हवा दाराच्या फटीतून, मोरीच्या जाळीतून, जिथून वाट मिळेल तिथून न गाळता आत येईल. पेशंट दम्याचा असेल तर येणारी हवा तुमच्या ताब्यात पाहिजे.

ईआरव्हीत दोन पंखे असतात, एक आत घेतो, एक बाहेर टाकतो, आणि मधल्या गाभ्यात दोन्ही हवा न मिसळता उष्णता आणि बाष्पाची देवाणघेवाण करतात. बाहेर ४४, आत एसीचे २८, आणि गाभ्याची क्षमता ७०% धरली तर आत येणारी हवा ३३ च्या आसपास असेल. पावसाळ्यात एसी चालू असताना बाहेरचं बरंचसं बाष्पही बाहेरच राहतं. एचआरव्ही हा त्याचा दुसरा प्रकार फक्त उष्णता वाचवतो, बाष्प अडवत नाही, तेव्हा आपल्याकडे ईआरव्हीच. पण एसी बंद आणि आत-बाहेर सारखंच दमट, तेव्हा त्याचा फायदा फक्त गाळलेल्या हवेपुरता.

---

प्रतिसाद

कुलरबद्दल लिहितो, कारण इथेच लोक फसतात. कुलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ढकलतो. ती हवा निघून जायला वाट नसेल तर तासाभरात खोली चिकट होते आणि गारवा संपतो. म्हणून कुलर चालू तेव्हा समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवायचीच. त्या वेळी घर हवाबंद नसतं, आणि हवेची काळजीही नसते, मोठा कुलर तासाला हजारो घनमीटर हवा फेकतो. ईआरव्ही तेव्हा बंद करा, फुकट फिरेल. अडचण धुळीची. कुलरच्या ताट्या बारीक धूळ पूर्ण अडवत नाहीत, म्हणून बाबांच्या खोलीत एसी आणि ईआरव्ही, बाकी घराला कुलर, असं ठेवलं तर बरं.

---

प्रतिसाद (यवतमाळ)

हवा घ्यायचं तोंड कुठे ठेवता ते जपून ठरवा. वावर लागून आहे म्हणता. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हापासून मी फवारणीचा वास हलक्यात घेत नाही. फिल्टर एफ७ दर्जाचा (बारीक धूळ गाळणारा) असला तरी तो कण अडवतो, औषधाची वाफ नाही. शेजारी फवारणी चालू असली की मशीन बंद करायचा स्वतंत्र बटण हाताशी हवा.

आणखी एक, गॅस गिझर बाथरूमच्या आत लावू नका. किचनची चिमणी तासाला १००० घनमीटर ओढते, हवाबंद घरात ती गिझरचा धूर उलटा आत खेचू शकते. त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाणी तापवायची पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळल्या काड्यांची) चूलही अंगणातच ठेवा. चिमणी लावली की किचनची खिडकी थोडी उघडी.

---

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मिस्त्रीला घेऊन घरभर फिरले. ठरलं ते असं: बाथरूमलगतच्या पॅसेजमध्ये फॉल्स सीलिंगवर ईआरव्ही, ताजी हवा तिन्ही बेडरूममध्ये, जुनी हवा पॅसेज आणि बाथरूमकडून बाहेर. फिल्टर काढायला खाली झाकण, कारण ते पुसायला नागपूरहून कोणी येणार नाही, मलाच करायचंय. मशीन इन्व्हर्टरवर, ते सीलिंग पंख्याएवढीच वीज खातं म्हणतात. गिझर इलेक्ट्रिक. बाबांच्या खोलीतून कुलरची खिडकी वगळली.

हवा घ्यायला उत्तरेकडची भिंत पकडलीय, जमिनीपासून १० फूट, कडुनिंबाच्या सावलीत. दक्षिणेला वावर आणि पश्चिमेला रस्ता. मिस्त्रीने कोळशाने दोन गोल काढलेत, आत घेणारा आणि बाहेर टाकणारा, मध्ये फक्त ३ फूट अंतर आहे. बाहेर टाकलेली हवा परत आत ओढली जाईल का? दुसरा गोल पूर्वेच्या कोपऱ्यावरून वळवायचा तर डक्टला दोन वळणं वाढतात. सोमवारी ड्रिल लागणार आहे, कोणी केलं असेल तर त्याआधी कृपया सांगा.