प्रतिसाद: बास पातळ वाटतोय, प्रीअँपचे ट्यूब बदलू का?

आधी कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा) बघा, ट्यूब नंतर. प्रीअँपच्या (मुख्य अँपच्या आधीच्या टप्प्याच्या) आउटपुटला ०.४७ मायक्रोफॅरडचा आहे म्हणता आणि पुढे १० किलोओहम इनपुटचा ट्रान्झिस्टर अँप. म्हणजे साधारण ३४ हर्ट्झलाच ३ डेसिबल घट; बास पातळ लागणारच. २.२ मायक्रोफॅरडचा, ४०० किंवा ६३० व्होल्टचा पॉलिप्रोपिलीन (प्लास्टिक फिल्मचा) कपॅसिटर टाका, हीच घट ७ हर्ट्झवर जाईल. इलेक्ट्रोलिटिक नको.

ट्यूबचं म्हणाल तर, १२एएक्स७ ट्यूबच्या जागी १२एयू७ बसतो, हीटरच्या (ट्यूब तापवणाऱ्या तारेच्या) पिना त्याच. पण गेन (सिग्नल वाढवण्याची पट) १०० ऐवजी २० च्या आसपास, आणि बायससुद्धा (ट्यूबला लागणारा स्थिर व्होल्टेज) वेगळा. कॅथोड व प्लेटचे रेझिस्टर न बदलता नुसता खोचला तर चालेल, नीट वाजेलच असं नाही. ६डीजे८ मात्र अजिबात खोचू नका, त्याचं हीटर वायरिंगच निराळं.

काहीही बदलण्याआधी एक: प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये २५०-३०० व्होल्ट राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी त्याच्या दोन टोकांना काही सेकंद लावा, मग मीटरने मोजा. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालायचा नाही. जोडणी झाल्यावर अँप लावण्याआधी आउटपुटवर डीसी तपासा. सुरुवातीला उसळी येईल, पण मिनिटभराने शून्याजवळ स्थिरावला नाही तर कपॅसिटर गळतोय.