प्रति: धक्का नेमका कुठे आहे?

जीपीएस आता सेंटिमीटरपर्यंत अचूक झालंय, मग बोट आपोआप धक्क्याला लावण्यात संशोधनासारखं काय उरलं, असं वर म्हटलंय. पटलं नाही. जीपीएस बोट कुठे आहे ते सांगतं, धक्का कुठे आहे ते नाही. नकाशातल्या कडेत थोडासा जरी फरक असला, किंवा मध्ये कुणी होडी बांधून ठेवली असली, तर तेवढ्यानेच ठोकर बसते.

नॉर्वेत ट्रॉनहाइमच्या एनटीएनयू विद्यापीठातल्या संशोधक विद्यार्थ्यांनी नेमकं हेच हाताळलं. 'मिलिअँपिअर' ही त्यांची जेमतेम 5 मीटरची प्रायोगिक फेरीबोट. तिच्यावर लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारं उपकरण, आणि गाडी रिव्हर्स घेताना वाजतात तसले अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवले. त्यांच्या मापांवरून मोकळं पाणी किती हे ताजं होत राहतं आणि धक्क्याकडे जायची वाट पुन्हा पुन्हा नव्याने आखली जाते. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

मात्र त्या बोटीचे दोन्ही थ्रस्टर, म्हणजे तिला ढकलणारे पंखे, हव्या त्या दिशेला वळतात. एकच पंखा आणि सुकाणू असलेल्या मालवाहू जहाजाचं तसं नाही. वेग उतरला की सुकाणूवरून पाणी जोराने वाहत नाही, मग ते दादच देत नाही. म्हणून तर टग, म्हणजे जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी, लागतात.