तुरीवर घाटेअळी, शेजारच्या बांधावर मधपेट्या: काय फवारावं?

मंडळी, मदत हवी आहे. तूर ऐन फुलोऱ्यात आहे आणि शेंगा पोखरणारी घाटेअळी पडली आहे. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन रात्री ८-१० पतंग सापडले, म्हणजे फवारणी गरजेची ठरणारी नुकसानीची पातळी गाठली. निंबोळी अर्क ५ टक्के अंडी घालणं रोखतो, पण आता कळ्या-फुलं खाणाऱ्या मोठ्या अळ्याही दिसतात. त्यांना तो पुरत नाही. एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग लावणारा विषाणू) हाही लहान अळीवरच चालतो, शिवाय उन्हात निकामी होतो.

इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी (१० लिटरला ४.४ ग्रॅम) अळीचं खाणं लवकर थांबवून तिला मारतं, पण ओल्या फवाऱ्यात मधमाशीही मरते. तूर बहुतांशी स्वपरागीभवनाने धरते, तरी शेजारच्या माशा मारायच्या नाहीत. क्लोरॅंट्रानिलिप्रोल १८.५ एससी (१० लिटरला ३ मिली) माशीला त्या मानाने सौम्य, महाग मात्र आहे.

क्लोरॅंट्रानिलिप्रोल सूर्यास्तानंतर फवारलं, तर पेट्यांची दारं सकाळी किती वाजेपर्यंत बंद ठेवावीत? की पेट्या हलवाव्याच लागतील?