पाहुण्या मुलीच्या केसांना सगळ्यांनी हात लावला. आता तिच्याशी काय बोलावे?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
माझ्या मुलीची वसतिगृहातील मैत्रीण गणपतीत आमच्याकडे राहायला आली होती. ती उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळची, सिद्दी समाजातील आहे. तिने आपल्या दाट कुरळ्या केसांच्या अनेक बारीक वेण्या घातल्या होत्या. सासूबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडली, तेव्हा ती मनापासून हसली. मात्र आरतीला जमलेल्या बायकांनी एकामागून एक तिच्या वेण्या ओढून पाहिल्या, ‘खरे आहेत का? धुतेस कशी?’ असे विचारले, आणि एकीने तर आपल्या लहान मुलालाही ‘हात लावून बघ’ म्हणून पुढे केले. त्यानंतर तिने जेवतानाही डोक्यावरची ओढणी काढली नाही. मी आरतीचे ताट घेऊन तिथेच उभी होते आणि गप्प राहिले. आता तिची माफी कशी मागावी? आणि सासूबाईंचेही चुकले का?

उत्तर १ (कराड)
सासूबाईंचे चुकले असे मला वाटत नाही. दृष्ट काढताना हात मायेने जातो आणि आपल्याच कानशिलाकडे परत येतो; वेणी ओढून पाहताना मात्र समोरची मुलगी बाजारात मांडलेल्या वस्तूसारखी चाचपली जाते. किमोनंतर माझे केस नव्याने उगवू लागले, तेव्हा ओळखीच्या कित्येकांनी न विचारता माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ‘काकू, हात लावू का?’ असे विचारले ते फक्त माझ्या पुतणीने, आणि तिला मी आनंदाने हो म्हटले.

उत्तर २ (मिरज)
नोकरीनिमित्त मी हल्याळला राहिलो आहे. सिद्दी हे नाव आपल्याला १६६० च्या पन्हाळ्याच्या वेढ्यापासून ठाऊक आहे. पण हल्याळ, यल्लापूर भागातील सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले आणि त्यांतील अनेक जण गोव्यातून निसटून त्या जंगलांत स्थिरावले, हे फारसे कोणी सांगत नाही. ते कोकणी बोलतात, अनेकांना कन्नड आणि मराठीही येते, आणि तरीही ‘कोणत्या देशाची?’ हा प्रश्न त्यांचा पिच्छा सोडत नाही. अशा मुलीच्या केसांना हात लागतो तेव्हा तो प्रश्नच पुन्हा विचारला जातो. शिवाय घट्ट कुरळ्या केसांत टाळूचे तेल टोकापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे ते कोरडे राहून ओढल्यास लवकर तुटतात. त्या बारीक वेण्या घालायला कित्येक तास बसावे लागते.

उत्तर ३ (सातारा)
आमच्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जट काढण्यापूर्वी त्या बाईचे मन वळवतात. जटेमुळे तिची मान दुखत असली, तरी तिच्या होकाराशिवाय कात्री चालवायची नाही. जिथे तिच्या भल्याचे कारण असते तिथे ही रीत, तर नुसत्या कुतूहलासाठी तिला न विचारता हात कसा लावावा? फोनवर तिला एवढेच सांगा की, ‘मी तेव्हाच त्यांना थांबवायला हवे होते.’ ‘त्यांच्या मनात काही नव्हते’ हे वाक्य मात्र टाळा, कारण मग तिलाच तुमची समजूत काढावी लागेल.

प्रश्नकर्ती
आज दुपारी तिला फोन केला आणि तेवढेच बोलले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग तिने आजींची तब्येत विचारली. त्या मुलाच्या आईकडे उद्या सकाळी मी स्वतः जाणार आहे.