मदत हवी आहे: पिकअपचा नुसता क्रॉस बदलू की अख्खा प्रोपेलर शाफ्ट?

तुर्भ्याच्या मार्केटला माल नेणारा पिकअप, दोन तुकड्यांचा शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा). पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून ‘टण्ण’; रिव्हर्सलाही तेच. ५०-६० च्या वेगात फ्लोअर थरथरतो, न्यूट्रल केलं तरी थांबत नाही, म्हणजे इंजिनाचा दोष नाही. मागच्या क्रॉसच्या (शाफ्टच्या सांध्यातला अधिक-चिन्हासारखा तुकडा) टोकावरच्या कपाभोवती तांबूस भुकटी दिसते: ग्रीस सुकून कपातल्या बेअरिंगच्या सुया गंजल्यात. शाफ्टला मध्यावर धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर मात्र शाबूत आहे.

क्रॉस बदलणारच (शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) खुणा करून, नाहीतर नवी थरथर पदरात). प्रश्न स्लायडिंग योकचा (शाफ्टचा मागेपुढे सरकणारा जोड). हाताने पिळल्यावर स्प्लाइनमध्ये (त्याच्या एकमेकांत बसणाऱ्या दात्यांत) किंचित ढिलाई लागते. ती कितपत चालवून घ्यावी? आणि कळंबोली-तुर्भे भागात शाफ्ट मशिनवर बॅलन्स करून देणारं कुणी आहे का? नुसता लेथवर सरळ केलेला नको.