मदत हवी आहे : एका वाडीपुरत्या स्पेक्ट्रमची (मोबाइल सेवेच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्याची) किंमत कशी काढावी?
देवगड तालुक्यातील आमच्या मच्छीमार सोसायटीसाठी मी स्थानिक मोबाइल नेटवर्कचे टिपण तयार करीत आहे. जेटीवर रेंजच्या दोन काड्या दिसतात, घाटी उतरून वाडीत आले की तीही जाते. आपल्याकडे स्पेक्ट्रमचा लिलाव सर्कलनिहाय, म्हणजे दूरसंचार विभागांनुसार, होतो आणि आमच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो. त्यामुळे सर्कलच्या राखीव किमतीला (लिलावातील किमान बोलीला) लोकसंख्येने भागून वाडीचा हिस्सा काढला, तर समुद्रावरच्या होड्या आणि गणपतीला येणारे चाकरमानी हिशेबातच येत नाहीत. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या दूरसंचार नियामकाने २०१९ मध्ये ३.८ ते ४.२ गिगाहर्ट्झ पट्ट्यात लहान क्षेत्राचे परवाने १० मेगाहर्ट्झला वार्षिक ८० पौंड दराने खुले केले. लोकसंख्येऐवजी क्षेत्रफळ किंवा स्पेक्ट्रम नसता तर उभारावा लागला असता अशा पर्यायी टॉवरचा वाचलेला खर्च धरून मूल्य काढण्याची पद्धत कोणी वापरली आहे का?