सातवे पात्र म्हणून मुंजा घ्यावा का?

उंबरठा (प्रस्ताव)

आपल्या सामायिक खेळात सहा जण आळीपाळीने आपापल्या पात्राचा भाग लिहितात, गाव आणि गावातली बाकीची माणसे सूत्रधार चालवतात, आणि एखादी गोष्ट साधेल की फसेल अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकला जातो. खेळाचे गाव काल्पनिक, मालवणच्या उत्तरेला खाडीकाठी वसलेले, आणि साल १९३५. सातवे पात्र मानवेतर असावे असे ठरले असून त्यासाठी सूत्रधारांनी सूचना मागवल्या आहेत. माझी सूचना मुंजाची आहे.

त्याचे नाव सदाशिव. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तो चौदाव्या वर्षी गेला. मुंज झाली होती, सोडमुंज राहिली होती, म्हणून तो शाळेमागच्या पिंपळावर राहतो आणि गेली सतरा वर्षे चौदाच वर्षांचा आहे. तो गेला तेव्हा पाच वर्षांची असलेली त्याची धाकटी बहीण आज बावीस वर्षांची आहे, तरी तिला उशीर झाला की रागावण्याचा आपला हक्क अजून शाबूत आहे असेच तो समजतो.

अशा पात्राची ओळख करून देताना त्याच्या शक्तींची यादी देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्याला काय येत नाही आणि त्याचे कोणाकडे काय राहिले आहे एवढे सांगितले, तर इतर खेळाडूंना त्याच्या कथेत शिरायला वाट सापडते. म्हणून प्रवेशाचा परिच्छेद मी असा लिहिला आहे (त्यातले पाढे अपूर्णांकांचे जुने पाढे आहेत; औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा):

"दिवेलागण झाली की शाळेमागून पाढे ऐकू येतात. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी बिनचूक होते. औटकी सुरू झाली की आवाज साडेदहापर्यंत पोचतो, थांबतो, आणि पुन्हा पावकीपासून सुरुवात होते. त्या वेळी पिंपळाखालून जाणाऱ्याने तोंडातून आकडा काढू नये, असे गावात म्हणतात."

वीसपैलू

परिच्छेद उत्तम उतरला आहे, हे मान्य करूनही माझा विरोध आहे. आपल्या खेळाचे निम्मे कोडे बंद दारे, कुलूपबंद पेट्या आणि खाडीच्या भरती-ओहोटीवर उभे आहे, आणि भिंतीतून आरपार जाणारे पात्र आले की त्या कोड्यांचा चोथा होतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर चालणाऱ्या परदेशी पात्रखेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत भूत हे खेळाडूचे पात्र म्हणून दिलेले नाही. ते सूत्रधाराच्या हातातले भय आहे आणि त्याची आखणीही तशीच केलेली आहे. ते वस्तूंतून आरपार जाते, माणसाच्या अंगात शिरते, आणि त्याचे भेसूर रूप पाहून फारच वाईट फासा पडला तर पाहणारा दहा ते चाळीस वर्षांनी म्हातारा होतो. चौदा वर्षांच्या पोराला पाहून पोस्टमास्तर एका रात्रीत साठीचा झाला, हा प्रसंग एकदा गमतीचा वाटेल, पण दुसऱ्यांदा पोस्टमास्तरांचे पात्र लिहिणारा खेळाडू आपल्याला रामराम ठोकेल.

दुसरा आक्षेप वयाचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. सामायिक खेळात लहान वयाचे दुःखी पात्र आले की बाकीची पात्रे आपापली कामे टाकून त्याची आईबाप होतात, आणि त्याने काहीही उपद्व्याप केला तरी 'लेकरू आहे' म्हणून त्याला माफी मिळते. बाकीच्यांच्या चुकांची किंमत फासा वसूल करतो, त्याच्या चुकांची कोणीच करत नाही. असा खेळाडू सहाही जणांचे लक्ष खातो, आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही.

गारगोटी

माझा आक्षेप नियमांवर नाही, निवडीवर आहे. माझ्या आजोळी ऐकलेला मुंजा आठ-दहा वर्षांचा, खोडकर, कौलांवर दगड भिरकावणारा आणि वाटसरूची शेंडी ओढणारा असतो; पौर्णिमेच्या रात्री उसासे टाकणारा चौदा वर्षांचा विचारमग्न मुलगा हे मुंजाचे सोंग घेतलेले परदेशी पात्र आहे, अशी मला दाट शंका येते.

शिवाय कोकणात भुतांची वाण नाही. चकवा आहे, गिऱ्हा आहे, देवचार आहे, खवीस आहे, बाळंतपणात गेलेली हडळ आहे. आपल्या लोकसमजुतीत माणूस कोणत्या जातीत जन्मला आणि कोणता संस्कार राहून मेला यावरून त्याचे भूत ठरते, आणि मेल्यावरही ही उतरंड मोडत नाही. इतक्या सगळ्यांतून सहानुभूतीसाठी नेमका मुंज झालेल्या घरातला मुलगा निवडला जातो, आणि हडळ मात्र पहिल्याच प्रकरणात मांत्रिकाने झोडपायची म्हणून ठेवली जाते. आपल्याच खेळाच्या दुसऱ्या भागात ती तशी आलेली आहे. तिला कोणी नाव दिले नाही, वय दिले नाही, राहून गेलेला पाढाही दिला नाही. पंधराव्या वर्षी बाळंतपणात गेलेली मुलगी त्या काळी दुर्मीळ नव्हती, आणि आपल्या मोजमापाने तीही किशोरवयीनच.

उंबरठा

आधी वयाचे सांगतो. गृह्यसूत्रांनी ब्राह्मण मुलाच्या उपनयनासाठी आठवे वर्ष सांगितले, क्षत्रियासाठी अकरावे आणि वैश्यासाठी बारावे, आणि ब्राह्मणासाठी सोळाव्या वर्षापर्यंत मुदत ठेवली. सोडमुंज, म्हणजे समावर्तन, अध्ययन संपवून गुरूचे घर सोडताना व्हायचे. आज ती मुंजीपाठोपाठ किंवा लग्नाआधी घाईने उरकतात ही गोष्ट वेगळी. म्हणजे मुंज आणि सोडमुंज यांच्यामधला काळ शास्त्राप्रमाणे अख्ख्या किशोरवयाचा आहे. मुलगा ना घरचा राहिला आहे, ना गृहस्थ झाला आहे, आणि मुंजा हा त्या मधल्या अवस्थेत अडकलेला जीव आहे. आपल्या आजोळचा मुंजा खोडकर आहे हे मला अमान्य नाही; चौदा वर्षांचे मूल खोडकर नसते असे मी कुठे म्हटले? सदाशिवही दगड मारतो. फक्त नेम धरून मारतो.

हडळीच्या बाबतीत आपण जे म्हटले आहे त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते मी आत्ता रचूही इच्छित नाही. तो भाग मी लिहिलेला नसला तरी वाचून पुढे गेलो होतो. त्या मुलीला नाव आणि वय देण्याचा प्रस्ताव कोणी मांडला तर माझे मत त्याच्या बाजूने धरावे.

सांजवात

मी शाळेत शिकवते, त्यामुळे या वयाच्या मुलांशी माझा रोजचा संबंध आहे, आणि मला वेगळ्याच ठिकाणी खडा लागतो. भुताच्या वयात एक पळवाट असते. मुलगा चौदाचा दिसतो, पण 'खरे तर' सतरा अधिक चौदा म्हणजे एकतीस वर्षांचा आहे, असा हिशेब कोणीतरी कधीतरी मांडतो, आणि मग त्याच्या तोंडी प्रेमप्रकरण घालायला तो मोकळा होतो. कथांमध्ये शेकडो वर्षांच्या पण कोवळ्या चेहऱ्याच्या रक्तपिपासूंसाठी हा हिशेब सर्रास वापरला जातो आणि मला तो मुळीच मान्य नाही. जो मुलासारखा दिसतो, मुलासारखे बोलतो आणि मुलासारखा रुसतो, तो मूल आहे. वाढ थांबली तेथे वय थांबले. ही रेघ पात्र घेण्याआधी ओढली जावी आणि ती फाशावर सोडू नये.

आपल्यातले दोन खेळाडू नुकतेच महाविद्यालयात गेले आहेत, हेही ध्यानात असू द्यावे. मेलेल्या मुलाविषयी आपण जे लिहू, ते वाचणाऱ्याच्या घरात काय घडून गेले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. अनेक गटांत टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेले एक पत्तेवजा कार्ड ठेवतात. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तेथेच सोडून पुढे जायचे आणि कारण विचारायचे नाही. लेखी खेळात एक फुली टंकली की तेच काम होईल. एवढे मान्य होणार नसेल, तर सदाशिव सूत्रधारांच्या हाती असलेलाच बरा.

काठावरचा

सांजवातताईंच्या दोन्ही अटींना माझा पाठिंबा आहे, आणि तरीही पात्र खेळाडूकडेच असावे असे मला वाटते. किशोरवय आणि राक्षसपण यांची जोडी जुनी आहे आणि ती टिकली याला सबळ कारण आहे. न विचारता शरीर बदलते, आवाज फुटतो, घरातल्यांच्या नजरेत अचानक सावधपणा येतो, आणि जो कालपर्यंत मांडीवर बसत होता त्याला आज लांब बसायला सांगितले जाते. फ्रँकेनस्टाइनचा तो बेवारस जीव मेरी शेलीने लिहायला घेतला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. निर्मात्याने टाकून दिलेल्याचा तो संताप प्रौढाच्या लेखणीतून तसा उतरला असता असे मला वाटत नाही. अर्थात हे मत झाले, पुरावा नव्हे.

नियमांचेच बोलायचे तर वीसपैलू यांनी चुकीचा खेळ मापाला घेतला आहे. २०१२ साली आलेला 'मॉन्स्टरहार्ट्स' हा खेळ सबंध किशोरवयीन राक्षसांवरच उभा आहे, आणि त्यात प्रत्येक प्रकारच्या पात्राला एक काळी बाजू दिलेली आहे. ती कधी उसळते आणि कशाने शमते, हे दोन्ही आधीच लिहिलेले असते. त्यातल्या भुताची काळी बाजू म्हणजे ते कोणालाच दिसत नाही, त्याचा आवाज कोणाला ऐकू येत नाही, त्याला फक्त निर्जीव वस्तू हलवता येतात. आणि कोणीतरी त्याची दखल घेऊन 'तू आम्हांला हवा आहेस' हे दाखवून दिले की ते त्यातून बाहेर पडते. येथे अदृश्य होणे ही शक्ती नाही, शिक्षा आहे. सदाशिवाला हेच लावून पाहावे. तो दुखावला की पाढे बंद होतात आणि पाट्या फुटू लागतात. भिंतीतून जाण्याची मुभा त्याला देऊच नये; पिंपळाची सावली जेथवर पडते तेथवरच त्याची हद्द ठेवावी, म्हणजे आपल्या कुलुपांना धक्का लागणार नाही.

वीसपैलू

सावलीची हद्द मला पटली. सकाळी आणि संध्याकाळी ती लांब पडते, भर दुपारी बुंध्याशी येते आणि अमावास्येच्या रात्री तिला ठावठिकाणाच नसतो, त्यामुळे सूत्रधारांना त्यातून चांगली कोडी घालता येतील. मात्र वयाविषयीचा माझा आक्षेप तसाच आहे. त्याच पाचव्या आवृत्तीतल्या मानवेतर वंशांपैकी ड्रॅगनबॉर्न पंधराव्या वर्षी प्रौढ होतो, हाफ-ऑर्क चौदाव्या, आणि एल्फ मात्र शंभरीच्या आसपास स्वतःला प्रौढ म्हणवतो; म्हणजे वयाचा आकडा खेळात कसाही फिरवता येतो आणि खरा प्रश्न जबाबदारीचा उरतो. सदाशिवाने फेकलेल्या दगडाने कोणाचा डोळा गेला तर त्याचे काय होणार? मेलेल्याला फाशी नाही, कोंडणे नाही, उपास नाही. ज्याचे काहीच जाऊ शकत नाही अशा पात्राबरोबर फासे टाकण्यात मला रस नाही.

उंबरठा

त्याचे पाढे जाऊ शकतात. प्रत्येक गंभीर चुकीला त्याचा एक पाढा विसरला जावा, शेवटच्यापासून सुरुवात करून: आधी अडीचकी, मग दिडकी. पावकीही गेली की पिंपळावर काही उरणार नाही आणि पात्र खेळातून बाद होईल. सहा पाढे म्हणजे सहा चुका. माझ्या मते चौदा वर्षांच्या मुलाला त्या फार नाहीत.

वीसपैलू

हे ऐकायला चांगले आहे, पण 'गंभीर चूक' कोण ठरवणार? सूत्रधार ठरवणार असतील तर माझा विरोध सौम्य होतो, आणि सदाशिवाचा खेळाडूच ठरवणार असेल तर कायम राहतो.

सूत्रधार

मी ठरवीन, आणि ज्याचे नुकसान झाले त्या खेळाडूला विचारून ठरवीन. बाकी पुढीलप्रमाणे धरून चालू या. सदाशिवाचे वय चौदा आहे आणि ते कोणत्याही हिशेबाने वाढणार नाही. त्याच्या वाट्याला प्रेमकथा नाही, आणि त्याच्यावरून कोणाची नाही. फुलीची सोय आजपासून सर्वांसाठी लागू आहे, मुंजा आला काय किंवा न आला काय. हद्द सावलीपुरती, आणि काळोखात सावली नसते तेव्हा तो फक्त ऐकू येईल. प्रवेशाचा परिच्छेद आहे तसाच राहील, मात्र 'गावात म्हणतात' हे वाक्य काढावे, कारण गाव काय म्हणते हे लिहिणे माझ्याकडे आहे. सहापैकी चौघांची संमती लागेल. हडळीचा भाग मी पुन्हा उघडतो आहे; तिला ज्याने झोडपले त्या मांत्रिकाचे पात्र माझेच असल्यामुळे ते काम माझ्याकडे येते.

एक प्रश्न उरतो. ती बावीस वर्षांची बहीण कोणाकडे?

गारगोटी

माझ्याकडे द्यावी. माझे सध्याचे पात्र खाडीपलीकडे अडकून पडले आहे, तोवर मला ती चालवता येईल. मात्र ती त्याला मुक्ती देण्यासाठी झुरणारी बहीण असणार नाही. ज्या घरात मुंजा आहे तेथे सोयरीक जुळत नाही. तिची दोन स्थळे परत गेली आहेत, आई त्याच्या नावाने नैवेद्य ठेवते आणि हिला उरलेले वाढते, आणि सतरा वर्षे घरात मोठा तोच आहे. तिला औटकी पाठ आहे. ती पिंपळाखालून रोज जाते आणि ती त्याला सांगत नाही. मतदानात माझे मत विरोधातच धरावे, कारण जातीच्या उतरंडीचा मुद्दा हडळीचा भाग पुन्हा लिहून होईपर्यंत मी सोडलेला नाही; पण पात्र बहुमताने आलेच, तर पहिल्या प्रसंगात सदाशिवाने तिला उशिराबद्दल हटकावे आणि तिने त्याला काय उत्तर द्यायचे ते माझ्यावर सोडावे.